हॉर्न तर वाजतोय!

नाशिकची थंडी वर्तमानपत्रात निफाडच्या नावावर जमा होते. पारा निफाडला उतरतो, फोटो तिथल्या द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे छापून येतात, कुडकुडतो मात्र आम्हीही. अशाच एका डिसेंबरातल्या सकाळी सव्वासहाला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून "गर्र… गर्र… टक" असा आवाज आला. मी पांघरुणात होतो. थोड्या वेळाने नुसतंच "टक" ऐकू आलं. मग फोन वाजला. खाली गाडीत बसलेली बायको वर पलंगावर पडलेल्या नवऱ्याला फोन करते तेव्हा "हॅलो" म्हणायची पद्धत नाही.

"खाली या."

मी माकडटोपी चढवून खाली आलो. गाडी आमची २००६ सालची, पेट्रोलवरची, चार दारांची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्या कंपनीचा काडीइतकाही दोष नव्हता. बायको शाळेत शिक्षिका आहे. सातची शाळा, त्यामुळे गाडी तीच चालवते. मी बँकेतून निवृत्त झाल्यापासून शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" म्हणायचं काम पाहतो. पण गाडी बिघडली की ती एकदम माझी होते.

"सेल्फ मार बघू," मी म्हणालो. टक. "परत मार." टक. मग मी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला. पार्किंग दणाणलं, सी विंगमधलं कुत्रं भुंकलं, वरच्या दोन गॅलऱ्यांत दिवे लागले.

"हॉर्न तर वाजतोय!" मी म्हणालो. म्हणजे बॅटरी चांगली आहे, असा त्याचा अर्थ. हे वाक्य पुढच्या तीन आठवड्यांत निदान अकरा जणांनी, प्रत्येकाने स्वतः शोध लावल्याच्या आवाजात, म्हटलं.

त्या दिवशी उपाय एकच होता. धक्का. दूधवाला, वॉचमनमामा, फेरफटक्याला निघालेले दोन पेन्शनर आणि मी असे पाच जण मागे लागलो. तसे चारच. पाचवे गृहस्थ गाडीच्या टपावर एक बोट टेकवून बाजूने चालत होते आणि "हं, आता! आता सोडा क्लच!" असं सांगत होते. प्रत्येक धक्क्यात असा एक माणूस असतो. तो कुठून येतो ते कळत नाही, पण गाडी सुरू झाली की सर्वात जास्त समाधान त्याच्या तोंडावर असतं. बायकोने चावी ऑन ठेवून, दुसरा गिअर टाकून, वेग आल्यावर क्लच सोडला. गाडीने एक गचका खाल्ला आणि सुरू झाली. थांबून बंद पडायची जोखीम नको म्हणून ती तशीच फाटकातून निघून गेली. आम्ही पाच जण, वऱ्हाड निघून गेल्यावर मांडवात उरलेल्या माणसांसारखे, एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

धक्क्याची मला सवय आहे म्हणा. आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची, तिचा ड्रायव्हर ती नेहमी पाराजवळच्या उतारावर तोंड खाली करून लावायचा. सकाळी ब्रेक सोडला की गाडी घरंगळायची आणि मारुतीच्या देवळापाशी सुरू व्हायची. ती गाडी उताराशिवायही सुरू होते, हे मला पुढे तालुक्याला शिकायला गेल्यावर कळलं. मोटारींना पुढून लोखंडी हँडल मारायचा काळही थोडा पाहिला आहे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, हे आमच्या मामांनी मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल सुटून जातं, पण अंगठा वळवलेला असला तर अंगठाही बरोबर नेतं. स्कूटरचं आणखी सोपं होतं. सुरू होईना की ती कुशीवर कलती करायची, कार्ब्युरेटरमध्ये जरा पेट्रोल उतरलं की सरळ करून किक मारायची. चारचाकी अशी कलती करता येत नाही, नाहीतर आमच्या सोसायटीने तेही करून पाहिलं असतं.

शाळेतून आल्यावर बायको म्हणाली, "अहो, दुपारी एका सेल्फमध्ये सुरू झाली. आणि ऐका ना, क्लच फार जड झालाय. आठवडा झाला."

"थंडी आहे," मी म्हणालो. "सगळंच आखडतं."

हे वाक्य लक्षात ठेवा, मी नाही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टक. आता सोसायटीने हे प्रकरण अधिकृतपणे हातात घेतलं. बिघडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून ठेवणं हे लग्नाची पत्रिका पाठवण्यासारखं आहे. लोक यायला लागतात, आणि रिकाम्या हाताने कोणी येत नाही. जो तो एक निदान घेऊन येतो.

माणूस गाडीचं निदान करताना बहुतेक वेळा स्वतःचंच करतो, हे मला त्या दिवसांत कळलं. पहिल्या मजल्यावरच्या अण्णांना संधिवात आहे. ते म्हणाले, "सकाळचा ताठरपणा आहे. बसू द्या जरा उन्हात." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची अँजिओप्लास्टी झालेली. त्यांनी इंजिनाकडे सहानुभूतीने पाहत सांगितलं, "कुठेतरी ब्लॉकेज आहे. फ्युएल लाइन साफ करा." ज्यांच्या घरात उंदीर झालेत त्यांनी उंदराने वायर खाल्ल्याचं सांगितलं, आणि इंजिनात तंबाखूची पानं ठेवायला सुचवलं. सेक्रेटरींना सोसायटीचा आराखडा तोंडपाठ आहे. ते म्हणाले, गाडीचं तोंड दक्षिणेकडे आहे. मी म्हटलं, तुमचीही त्याच रांगेत आहे. ते म्हणाले, "माझी सीएनजी आहे."

सर्वात रंगलं ते इथेनॉल. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर साहेबांनी एका श्वासात सांगून टाकलं की देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि २००६ सालची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. फक्त आमच्या गाडीशी त्यांचा संबंध नव्हता. पण ए विंगमध्ये राहणारे आबा पडले प्रवरेकाठचे. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या मुलखात उभा राहिला तिथले, वर स्वतः एका कारखान्याचे सभासद. उसाविरुद्ध ब्र ऐकून घेण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

"म्हणजे गाडी बंद पडली ती शेतकऱ्यामुळं का?" आबा म्हणाले.

"शेतकऱ्यामुळे नाही हो, इथेनॉलमुळे."

"एकच झालं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते अलीकडं आणलं. का आणलं? देशाचं परकीय चलन वाचावं म्हणून. आणि तुम्ही त्या एका टकटकीवरून…"

पुढचा अर्धा तास बॉनेटखाली उसाची एफआरपी, मळी, आयात तेल आणि गेल्या दोन निवडणुका निघाल्या. बायको तोवर रिक्षाने शाळेत पोचली होती. मी संध्याकाळी इंजेक्टर साफ करणारं अडीचशे रुपयांचं औषध आणून टाकीत ओतलं. दोन्ही पक्षांना बरं वाटलं.

आता इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो. ती मला तेव्हा कोणी सांगितली असती तर माझे सहा हजार सातशे रुपये वाचले असते. "गाडी सुरू होत नाही" हे एक वाक्य नाही, दोन आहेत. एक, सेल्फ घेतच नाही. म्हणजे चावी फिरवली तर टक होतं, किंवा इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घेतं आणि थांबतं. दुसरं, सेल्फ जोरात घेते, इंजिन खर्र खर्र फिरतं, पण पकडत नाही. दुसऱ्या प्रकारात पेट्रोल येतंय का, प्लगला ठिणगी पडते का, पंप चावीच्या पहिल्या खटक्याला "घूं" करतो का, हे सगळं बघायचं. पहिल्या प्रकारात यातलं काहीही बघायचं नाही, कारण प्रश्न तिथवर पोचलेलाच नसतो. आमचं दुखणं चोख पहिल्या प्रकारातलं. धक्का मारला की गाडी पहिल्या गचक्याला सुरू व्हायची, म्हणजे पेट्रोल, ठिणगी सगळं जागच्या जागी होतं. तरी आम्ही इंजेक्टरचं औषध टाकलं, चारही प्लग बदलले (४८० रुपये), आणि जुन्या प्लगच्या काळेपणावर एक पूर्ण रविवार चर्चा केली. पान वाढायच्या आधीच आमटीत मीठ कमी आहे म्हणून भांडण्याचा हा प्रकार.

तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला डी विंगचा एक मुलगा देवासारखा आला. संगणकावर काम करतो, रात्रपाळी संपवून सकाळी परततो. त्याच्याकडे जंपर केबल होती, आणि त्याहून दुर्मीळ म्हणजे त्याने स्वतःच्या गाडीचं माहितीपुस्तक वाचलेलं होतं. त्याने आपली गाडी शेजारी आणली. लाल चिमटा आधी आमच्या बॅटरीच्या लाल टोकाला, मग त्याच्या बॅटरीच्या लाल टोकाला. काळा चिमटा त्याच्या बॅटरीच्या काळ्या टोकाला, आणि शेवटचा चिमटा आमच्या बॅटरीला न लावता आमच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.

"अरे, तिकडे कुठे? काळं काळ्याला लाव," टपावर बोट टेकवणारे गृहस्थ म्हणाले.

"काका, पुस्तकात असंच दिलंय. बॅटरीतून गॅस निघतो, तिच्याजवळ ठिणगी नको."

बायकोने चावी फिरवली. गाडी अशी झटक्यात सुरू झाली की दोन जण मागे सरले. टाळ्या पडल्या. निकाल एकमताने लागला, बॅटरी गेली. हॉर्न वाजतोय म्हणून जी मंडळी दोन आठवडे बॅटरीला निर्दोष ठरवत होती, तीच आता "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय" म्हणायला लागली. मी त्याच दुपारी नवी बॅटरी आणली. जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन ४,२०० रुपये. दुकानातला पोरगा गाडीशी आला, त्याने टोकं घासली, व्हॅसलिन लावलं, वायरी जरा हलवल्या, आणि दुसऱ्या सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. तिसऱ्याही. मी माकडटोपी न घालता खाली उभा राहून लोकांना बॅटरीवर मार्गदर्शन करू लागलो.

"अहो, सुरू करताना काहीतरी जळल्यासारखा वास येतो," बायको म्हणाली.

"नवी बॅटरी आहे ना."

नव्या बॅटरीला वास असतो, असं मला का वाटलं ते माझं मलाच सांगता येणार नाही. वासाची तक्रार करणाऱ्या बायकोला उत्तर दिलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. क्लचचं तिने पुन्हा काढलं नाही. तिने पाय बदलता येत नाही म्हणून बूट बदलले, असं नंतर कळलं.

पाचव्या दिवशी थंडी वाढली आणि टक परत आलं.

डी विंगचा मुलगा रात्रपाळीवरून यायचा होता. सेक्रेटरींकडे आता सोसायटीच्या खर्चाने आणलेली जंपर केबल होती. त्यांनी ठामपणे लाल लालला आणि काळं काळ्याला लावलं. टक. चिमटे हलवून लावले. टक. त्यांच्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरला. टक.

"आता जंपलाही ऐकत नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि डॉक्टर चष्मा काढतात तसा त्यांनी चष्मा काढला. "सेल्फ गेली."

गाडी टोचन करून गॅरेजला नेली. त्या गॅरेजचं नाव सांगत नाही, माणूस बिचारा मी सांगितलं तेच करत होता. मी त्याला सांगितलं, सेल्फ खोल. त्याने खोलली. वर्तमानपत्रावर काढून ठेवलेली ती स्टार्टर मोटर मी पहिल्यांदाच पाहिली. सोललेल्या नारळाएवढी वस्तू, आणि ती सबंध इंजिन फिरवते!

हिच्या जन्माची कथा मजेची आहे. अमेरिकेतल्या डेटन गावचे चार्ल्स केटरिंग हे गृहस्थ आधी दुकानातल्या गल्ल्याला वीज जोडायचं काम करत होते. बटण दाबलं की गल्ल्याचा खण मोटरने उघडायला हवा. त्यांच्या लक्षात आलं की ही मोटर दिवसभर चालवायचीच नाही, एक क्षण जोर लावला आणि सुटली. एवढ्यासाठी मोटर लहान असली तरी चालेल, तिला क्षणभर भरपूर करंट मिळाला म्हणजे झालं. तीच युक्ती त्यांनी मोटारीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये हँडल मारायची गरज संपली. म्हणजे जगातल्या तमाम अंगठ्यांनी एका गल्ल्याचे आभार मानले पाहिजेत. आमच्या गल्ल्यातून मात्र त्या दिवशी १,८०० रुपये गेले. कार्बन बदलले, बुश बदललं, आर्मेचर साफ केलं, सेल्फ परत बसवली. गॅरेजमध्ये दुपारच्या उन्हात गाडी सुरू झाली. सोसायटीत दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला, टक.

त्या सकाळी वॉचमनमामा पहिल्यांदा बोलले. तीन आठवडे ते फक्त धक्का मारत होते. "साहेब, मुंबई नाक्याच्या पुढं एक वायरमन आहे. पत्र्याची शेड. ट्रकवाले तिकडंच जातात. मेकॅनिक नका बोलवू, वायरमन बोलवा."

वायरमन स्कूटरवर आला. पन्नाशीचा, अंगात बँकेच्या जाहिरातीचा स्वेटर, हातात डबा. डब्यात एक मीटर, दोन वायरींना बांधलेला दिवा, बाराचा पाना, पॉलिश पेपर. आम्ही सात-आठ जण भोवती जमलोच होतो, आणि सगळे एकदम त्याला इतिहास सांगू लागलो. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"गाडी कोण चालवतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी बायकोकडे केलं.

"मॅडम, तुम्ही सांगा. आणखी काय होतंय?"

आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारलं म्हणून तिने सांगितलं. सकाळीच होतं, दुपारी नाही. सेल्फ मारताना डॅशबोर्डवरचे दिवे फारसे मंद होत नाहीत. जळका वास येतो, पायाकडून. क्लच जड झालाय, आणि तो जड होणं व टक होणं एकाच आठवड्यात सुरू झालं.

"क्लच," वायरमन म्हणाला. "हे कुणी सांगितलं नाही मला."

मी बुटाकडे पाहिलं.

त्याने बॉनेट उघडलं, बायकोला पाच-सहा वेळा सेल्फ मारायला लावलं, आणि मग मला म्हणाला, "साहेब, ह्या क्लचच्या केबलला हात लावा." मी लावला आणि काढून घेतला. ती चहाच्या कपाइतकी गरम होती. क्लचच्या केबलला! जिच्यात वीज असायचं काही कारणच नाही.

मग त्याने मीटर काढलं. चावी न फिरवता बॅटरी १२.६ व्होल्ट. ठणठणीत. आता एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरं थेट इंजिनाला, आणि सेल्फ मारायला सांगितली. खरं तर ही दोन्ही ठिकाणं एकच मानली जातात, दोन्हीकडे अर्थिंग. मीटरने अर्ध्या व्होल्टच्या आतच काहीतरी दाखवायला पाहिजे. त्याने दाखवले ३.४.

"बघा. साडेतीन व्होल्ट वाटेतच खाल्ले जातात."

वाट अशी. बॅटरीच्या लाल टोकातून निघालेला करंट सेल्फमधून इंजिनात येतो, आणि त्याला बॅटरीच्या काळ्या टोकापर्यंत परत जायचं असतं. आमच्या गाडीत काळं टोक बॉडीला जोडलेलं. पण इंजिन बॉडीवर रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी लावलेली असते, वीतभर लांब. आमची ती पट्टी बॅटरीच्या ट्रेखाली, कोणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, अठरा पावसाळे खाऊन हिरवी पडली होती. विणीतल्या निम्म्या तारा तुटलेल्या, बोल्टखालचा भाग बोटाने भुगा होणारा.

"करंटला घरी जायचंच असतं," वायरमन म्हणाला. "दार बंद असलं तर खिडकीतनं जातो. क्लचची केबल एका बाजूनं बॉडीला, दुसऱ्या बाजूनं गिअरबॉक्सला. तिच्यातनं गेला. तिच्या आतलं प्लास्टिक वितळलं. म्हणून मॅडमचा क्लच जड."

"पण हॉर्न तर वाजतोय!" टपावर बोट टेकवणारे गृहस्थ मागून म्हणाले.

वायरमनने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक अँपियर घेतात. हॉर्न त्याहून कमी. शिवाय हेडलाइट, हॉर्न हे सगळं बॉडीवर, इंजिनाच्या पट्टीचा त्यांच्याशी संबंधच नाही. सेल्फ शंभरच्या वर घेते. तांब्याभर पाण्याला नळाला कितीही कचरा आला तरी चालतो, पंगतीचा टँकर भरायला घेतला की कळतं. मी बँकेतला माणूस, हिशेबावर विश्वास. घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. शंभर अँपियर जात असताना वाटेत ओहमच्या नुसत्या दोनशतांश अडथळ्याने दोन व्होल्ट गायब होतात. हॉर्नच्या चार-पाच अँपियरला तोच अडथळा वाटेत असता तरी त्याने व्होल्टच्या दहाव्या हिस्स्याहून जास्त खाल्लं नसतं. थंडीत इंजिनातलं तेल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, ती जास्त करंट मागते, आणि जेवढा करंट जास्त तेवढी वाटेतली चोरी जास्त. म्हणून सकाळी टक आणि दुपारी ठीक.

मग माझ्या डोक्यात ते दोन चिमटे आले. डी विंगच्या मुलाने शेवटचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावला होता. म्हणजे सडकी पट्टी बाजूला राहिली आणि करंटला सरळ रस्ता मिळाला. सेक्रेटरींनी तोच बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला, म्हणजे पट्टी पुन्हा वाटेत आली. एकाच गाडीवर, पाच दिवसांच्या अंतराने, दोन वेगळे निकाल लागले आणि सात-आठ सुशिक्षित माणसांपैकी एकानेही विचारलं नाही की दोन वेळांत फरक काय होता. आम्ही त्यावरून एकदा बॅटरी बदलली आणि एकदा सेल्फ खोलली. गाडी बोलत होती. टक म्हणत होती, वास सोडत होती, बायकोच्या पायाला कळवत होती. आम्ही हॉर्न ऐकत होतो.

वायरमनने खात्रीसाठी जंपरची नुसती काळी केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या काळ्याला, दुसरं इंजिनाला. "मारा सेल्फ." चावी पूर्ण फिरायच्या आत गाडी सुरू झाली. यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. लोक आपापल्या वेळेला निघाले. आबा जाता जाता इंजिनिअर साहेबांना एवढंच म्हणाले, "इथेनॉल नव्हतं बरं का."

पट्टी काढून नवी बसवायला वीस मिनिटं लागली, त्यातली दहा बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करण्यात. पट्टीचे १८०, मजुरी १५०. वितळलेली क्लचची केबल बदलली तिचे ६५०. एकूण ९८०. त्याआधीचे माझे प्लग, औषध, बॅटरी आणि सेल्फ मिळून ६,७३०. सेक्रेटरींनी बांधायला लावलेलं लिंबू धरलं तर ६,७४०.

"क्लच लोण्यासारखा झालाय," संध्याकाळी बायको म्हणाली. एवढंच म्हणाली. संसाराच्या अनुभवावरून सांगतो, एवढंच म्हणणं सर्वात महाग पडतं. त्या शनिवारी आम्ही तिला बूट घ्यायला गेलो.

आता वाचकांपैकी कोणाची गाडी सकाळी टक करत असेल तर कृपा करून हॉर्न वाजवू नका, शेजारी झोपलेले असतात. बॅटरीचं काळं टोक आणि इंजिन यांच्यामध्ये मीटर लावा, आणि गाडी जी व्यक्ती रोज चालवते तिला विचारा. आणि एक विनंती. आम्ही एक्स्चेंजमध्ये दिलेली ती बॅटरी त्या दुकानातून फिरत फिरत कोणाच्या गाडीत गेली असेल, तर निर्धास्त वापरा. तिला काही झालेलं नव्हतं.